माईक नंतर घ्या, आधी घर ऐका

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात. थोडं कापून देते:

"डोंबिवली पूर्वेला राहते, वय ३८. बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. ओळखीतल्या दोघा-तिघांच्या व्हिडिओंना मोबाईलवर रेकॉर्ड करून आवाज दिलाय, आता घरीच व्हॉइसओव्हरचं नीट काम सुरू करावं असं मनात आहे. वन बीएचके आहे, बेडरूम १० बाय ११, खिडकी रस्त्याकडे, लोकलचा आवाज येतो. दुकानदाराने माईक, फोम, स्टँड धरून ५५ हजारांचं कोटेशन दिलंय, म्हणतो फोम लावला की बाहेरचा आवाज बंद. शिवाय ४५ हजारांचा एक कोर्स आहे, ते म्हणतात काम आम्हीच मिळवून देऊ. मिस्टर म्हणतात ६० हजारांच्या वर जाऊ नकोस. कुठला माईक घेऊ, फोम लावू का, आणि कामाचे पैसे किती सांगायचे?"

ताई, पहिलं काम म्हणजे त्या दुकानदाराला "सांगते नंतर" म्हणा आणि पंधरा दिवस एक रुपयाही खर्च करू नका. माईक कुठला हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, तुम्हीही विचारलात, त्यात काही गैर नाही, पण घरचा स्टुडिओ चालतो की नाही हे माईकवर फार कमी आणि खोलीवर आणि घराच्या वेळापत्रकावर फार जास्त ठरतं, आणि हे दुकानदार कशाला सांगेल, शांतता काही त्याच्या दुकानात विकायला नाहीये.

तर एक वही घ्या आणि बेडरूमचं दार लावून, पंखा बंद करून, दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं नुसतं बसून ऐका आणि काय काय ऐकू आलं ते वेळेसकट लिहून काढा. पाण्याचा पंप किती वाजता सुरू होतो आणि किती वेळ चालतो, वरच्या मजल्यावर मिक्सर कधी, कुकरच्या शिट्ट्या कधी, भंगारवाला कधी येतो, शाळेची बस हॉर्न कधी मारते, लिफ्टचं दार उघडं राहिलं की "प्लीज क्लोज द डोअर" कोण किती वेळ चालू ठेवतं, सगळं. मग घरातले आवाज. फ्रिजचा काँप्रेसर, इन्व्हर्टरची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, ट्यूबलाईटच्या जुन्या चोकचा गुंऽऽ, जो आपल्याला वर्षानुवर्षं ऐकूच येत नाही आणि माईकला मात्र पहिल्या सेकंदाला ऐकू येतो. आठवडाभरात तुम्हाला दिसेल की दिवसात असे दोन-तीन तुकडे आहेत जेव्हा घर खरंच शांत असतं, बहुतेक दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेअकरानंतर, पण तुमच्या बिल्डिंगचं वेगळंही असेल. ते तुकडे म्हणजे तुमचा स्टुडिओ. बाकी सगळं सामान त्याच्या नंतर.

फ्रिजचं सांगते कारण ते सगळ्यांचं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद करायचा आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना किल्ली शोधताना आठवतं की फ्रिज चालू करायचा राहिलाय. शूटिंगवाल्या साऊंडच्या लोकांची जुनी युक्ती आहे, दुधाची आणि पिठाची नासाडी वाचते.

आता फोम. दुकानदाराने सांगितलं ते साफ चूक आहे. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आपला आवाज खोलीत घुमू न देणं हे वेगळंच काम, फोम फक्त दुसरं करतो, आणि इंचभर जाडीचा चौकडीचा फोम तर तेही अर्धंच. तो आवाजातली वरची धार खाऊन टाकतो आणि खालचं घुमणं तसंच सोडतो, म्हणून फोम लावलेल्या कितीतरी खोल्यांमध्ये आवाज दबका येतो आणि तरी खोली ऐकू येतेच. हिशोब बघा, १०० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी होते साधारण ३.४ मीटर, म्हणजे ११ फूट, म्हणजे तुमच्या खोलीच्या लांबीएवढीच. ट्रकची घरघर, लोकलची धडधड याच भागातली. इंचभर फोम तिला काय अडवणार! वर तो साधा फोम पटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, वायरिंग असलेल्या बंद खोलीच्या चारी भिंतींना तो चिकटवणं मला अजिबात पटत नाही. अंड्यांचे ट्रे तर विषयच सोडा, पुठ्ठा आहे तो.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. वजन तुमच्याकडे आहे, विटांची भिंत आहे, आवाज येतोय तो खिडकीच्या स्लायडिंगमधून आणि दाराखालून. भिंतीच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तर उरलेली भिंत किल्ल्याची असली तरी सगळं मिळून २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. १० बाय १० फुटांच्या भिंतीत १ टक्का म्हणजे १ चौरस फूट, आणि दाराखाली बोटभर फट असेल तर त्याचा जवळजवळ पाचवा भाग तिथेच भरला. म्हणून पहिला खर्च हार्डवेअरच्या दुकानात, फोमवाल्याकडे नाही. दाराखाली रबराची पट्टी, चौकटीला चिकटपट्टीवाली रबर बीडिंग, खिडकीच्या खाचेत ब्रशची पट्टी. घर स्वतःचं असेल आणि पुढे काम जमलं तर त्या खिडकीला आतून दुसरी जाड काच बसवून घ्या, दोन काचांमध्ये चार इंच मोकळी जागा सोडून, त्याने खराखुरा फरक पडतो. पण ते पुढे, आत्ता नको. आणि हे सगळं करूनही लोकलचा हॉर्न येणारच, तो आला की थांबायचं, गाडी जाऊ द्यायची आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचं, त्यात कमीपणा काही नाही.

घुमण्याचं मात्र घरच्या घरी चांगलं जमतं. खोलीत मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा, टाळीच्या मागे बारीक टर्रर्र असा आवाज आला तर समोरासमोरच्या कोऱ्या भिंती तो आवाज एकमेकींकडे टोलवतायत. यावर उपाय गाद्यांचा, आणि तो काही गरिबाचा जुगाड नाही बरं का, या शास्त्राची सुरुवातच गाद्यांनी झालीय. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं की आमच्या नव्या लेक्चर हॉलमध्ये कोणाचं बोलणं कळत नाही, बघा काय करता येतं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. हा पठ्ठ्या रात्री जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. किती गाद्यांनी किती सेकंद कमी होतात यावरून त्याने जे सूत्र काढलं ते आजही स्टुडिओ बांधताना वापरतात. तर तुमच्या माळ्यावरच्या गोधड्या काढा.

जागा कुठली? कपड्यांचं कपाट, साड्या-ड्रेसेस लटकलेलं, दारं उघडी ठेवून. त्याच्यासमोर हातभर अंतरावर तुम्ही. कपड्यांचे दोन स्टँड किंवा प्लंबरकडून पीव्हीसी पाईपची साधी चौकट करून घ्या आणि त्यावर जाड रजया, दुहेरी-तिहेरी, भिंतीला चिकटवून नाही तर चार बोटं सोडून. आता एक गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात. माईकच्या मागच्या भिंतीला सगळं लावतात आणि स्वतःच्या पाठीमागे कोरी भिंत. माईकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला तुमच्या पाठीमागचं सगळं ऐकू येतं आणि त्याच्या स्वतःच्या पाठीमागचं कमी. तर सगळ्यात जाड रजई तुमच्या पाठीमागे, आणि खिडकी शक्यतो माईकच्या पाठीला. डोक्यावर एक गोधडी आडवी टाका, आपल्या फ्लॅटची स्लॅब जवळ असते, तिथून आवाज परत येतो. स्क्रिप्ट ठेवायच्या टेबलावर टॉवेल पसरा. पुढे पैसे आले की दोन-चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब घेऊन लाकडी चौकटीत कापडाने मढवून घ्या, इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात, ४८ किलो घनतेचे मागा, आणि हाताळताना हातमोजे आणि मास्क लावा, त्याचे तंतू टोचतात.

गरम होणार. एप्रिल-मे मध्ये डोंबिवलीत पंखा बंद करून रजयांच्या आत उभं राहायचं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. एसी असेल तर आधी अर्धा तास खोली गार करून घ्या आणि बंद करून रेकॉर्ड करा, नसेल तर पंधरा-वीस मिनिटांचा एक डाव, मग पंखा लावून पाणी पिऊन पुन्हा. सुती कपडे घाला, सिंथेटिक ओढणी हलली तरी ऐकू येते. बांगड्या, पैंजण काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. आणि उपाशीपोटी बसू नका, पोटाची गुरगुर माईकला स्पष्ट ऐकू येते, हे हसण्यावारी नेऊ नका, एकादशीला लांबलचक काम घेऊ नका एवढंच सांगते.

हे सगळं झाल्यावर माईक. बाजारात मोठी दोन कुळं, कंडेन्सर आणि डायनॅमिक. लोक सांगतात घरात आवाज असेल तर डायनॅमिक घ्या, तो बाहेरचं ऐकत नाही. तसं काही नसतं. डायनॅमिक कमी संवेदनशील असतो म्हणून आपण त्याच्या अगदी तोंडाशी बोलतो, बाहेरचं कमी येतं ते त्या जवळिकीमुळे, कंडेन्सरजवळ तेवढंच जवळ गेलात तर तिथेही कमी येईल. शुअरचा एसएम७बी सगळ्या पॉडकास्टमध्ये दिसतो म्हणून तुम्हाला कोणी गळ्यात मारेल, पण त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे आवाजाला वर उचलणारी ताकद, द्यावा लागतो, स्वस्त इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) त्यात दम निघतो आणि सूं असा आवाज वर येतो. तुमच्या पैशातला मोठा भागही तोच खाईल.

मी तुम्हाला मध्यम किमतीचा कंडेन्सर सुचवेन, एक्सएलआर म्हणजे तीन पिनांच्या केबलवाला, आणि सोबत एक-दोन माईकचा छोटा इंटरफेस, फोकसराइट स्कार्लेट सोलोच्या तोडीचा, ज्यात ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला जाणारी वीज, आहे, कारण कंडेन्सर त्याशिवाय बोलतच नाही. यूएसबी माईकही चालतो सुरुवातीला, पण त्यात एक भाग बिघडला की सगळंच गेलं. आता महागडा का नको ते आकड्यात सांगते. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा नवशिक्यांचा नेहमीचा माईक, त्याचा स्वतःचा आवाज २० डेसिबल. रोडचा एनटी१ त्याहून महाग, त्याचा साडेचारच्या आसपास. कागदावर केवढा फरक! पण तुमची बेडरूम रात्री बाराला सुद्धा तीसच्या खाली क्वचित जाईल, मग माईकचा वीस आणि साडेचार यातला फरक त्या तीसच्या खाली गाडला गेला, क्लायंटला तो कधी ऐकू येणारच नाही. आधी खोली त्या पातळीला आणा, मग माईक बदला.

तुमच्या ६० हजारांचं मी असं करेन: माईक, इंटरफेस, स्टँड, केबल आणि पॉप फिल्टर (तोंडाचा वारा अडवणारी जाळी) हे सगळं २५ हजारांच्या आत-बाहेर, कान पूर्ण झाकणारा वायरवाला हेडफोन चार-पाच हजारांत (ब्लूटूथ अजिबात नको, आवाज उशिरा येतो), पट्ट्या, पाईप, एखादी जास्तीची रजई यात पाच-सात हजार, आणि बाकीचे बँकेत राहू द्या. पहिले काही महिने काम तुटक येईल, तेव्हा ते पैसे असले की वाट्टेल त्या भावाला हो म्हणायची वेळ येत नाही. आणि हो, पावसाळ्यात माईक स्टँडवर लावून ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, दमटपणाने कंडेन्सर चरचरायला लागतात.

माईक तोंडापासून एक वीत. समोरासमोर नाही, थोडा बाजूला आणि ओठांपेक्षा जरा वर, म्हणजे प, फ, ब, भ चा वारा त्याच्या बाजूने निघून जातो. फार जवळ गेलात तर आवाज जाड होतो, रेडिओसारखं वाटतं, भारीपण वाटतं, पण तासभराच्या पुस्तकात ते टिकवता येत नाही, मधेच मान मागे गेली की आवाज पातळ.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. ऑडॅसिटी फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरतं. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरातला शब्द सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये जाईल, लाल दिव्याला कधीच लागू नये, फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वर उचलता येतं, त्याची काळजी नको. मग परीक्षा घ्या. बोलताना जसा गेन ठेवता तसाच ठेवून दहा सेकंद गप्प उभ्या राहा आणि तो तुकडा मोजा. इंग्रजी ऑडिओबुकच्या धंद्यात एसीएक्सची (ऑडिबलसाठी ऑडिओबुकं घेणारं व्यासपीठ) मोजमापं कसोटी म्हणून चालतात, गप्पपणाचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली, बोलण्याची सरासरी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये, आणि सर्वात उंच टोक उणे ३ च्या खाली. मराठी क्लायंट हे आकडे विचारेलच असं नाही, पण तुम्ही ते गाठले तर आवाजाच्या पातळीवरून फाईल सहसा परत येणार नाही. सरासरी आणि टोक नंतर सॉफ्टवेअरमध्ये आणता येतं, उणे ६० मात्र खोलीतूनच यावं लागतं. नॉइज रिडक्शनचं बटण फार दाबलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी कंटाळा येतो. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तेवढं बिनधास्त करा, तिथे तुमचा आवाज नसतोच, रस्ता असतो.

सतत बारीक गुंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष बहुतेक अर्थिंगचा, घरातल्या प्लगची तिसरी पिन बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये नुसती शोभेची असते, इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, ते माईकसाठीच नाही तर तुमच्यासाठीही बरं. मोबाईल फ्लाईट मोडवर, आणि खोलीच्या बाहेर.

आता रोजचं काम, कारण स्टुडिओ लावणं सोपं, चालवणं कठीण. नव्या माणसाला एक तासाचं तयार ऑडिओबुक म्हणजे वाचन, चुका, एडिटिंग आणि पुन्हा ऐकणं धरून पाच-सहा तास सहज जातात. चूक झाली की थांबून सगळं पहिल्यापासून घेऊ नका. एकतर दोन टाळ्या वाजवा आणि वाक्य पुन्हा वाचा, एडिटिंगला बसल्यावर आवाजाच्या आलेखात ते दोन उंच काटे लांबूनच दिसतात, किंवा ऑडॅसिटीतलं पंच अँड रोल शिका, चुकीच्या आधी जाऊन थांबायचं, तिथून ते मागचे काही सेकंद ऐकवून पुढे रेकॉर्ड सुरू करतं. शिकायला एक दुपार लागते आणि एडिटिंगचे तास वाचतात.

महिन्याभराने क्लायंट म्हणणार की ताई, तिसऱ्या भागात एक नाव बदलायचंय. तेव्हा तोच आवाज यायला हवा. म्हणून उभं राहायच्या जागेला जमिनीवर चिकटपट्टी लावा, माईक कसा आणि कुठे ते मोबाईलने फोटो काढून ठेवा, गेनचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं धरलं तर किती वाजल्यावर आहे ते वहीत लिहा, आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीची दोन वाक्यं हेडफोनमध्ये ऐकून मगच दुरुस्ती रेकॉर्ड करा. सर्दी असेल तर दुरुस्तीही नको. फाईलच्या नावात क्लायंट, तारीख आणि भाग लिहा. "फायनल", "फायनल नवीन", "खरं फायनल" असली नावं ठेवू नका, मी अशा फोल्डरमध्ये हरवलेली माणसं पाहिलीयत. दोन जागी कॉपी ठेवा. आणि काम व्हॉट्सॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तिथे आवाज चेपला जातो, ड्राइव्हची लिंक द्या, नाहीतर निदान डॉक्युमेंट म्हणून टाका. मूळ डब्ल्यूएव्ही, म्हणजे न चेपलेली फाईल, जपा, पुढे कोणाला एमपी३ हवं असतं, टेलिफोनच्या आयव्हीआरवाल्यांना ("मराठीसाठी एक दाबा"वाल्यांना) तर शेवटी ८ किलोहर्ट्झच लागतं, मोठ्यातून छोटं करता येतं, उलटं नाही.

स्क्रिप्ट आली की वाचायला बसायच्या आधी सगळी नावं, आकडे आणि इंग्रजी शब्दांचे उच्चार विचारून घ्या, लेखीच. गावाचं नाव चुकलं तर तिथले लोक माफ करत नाहीत, आणि कंपनीचं नाव चुकलं तर कंपनी. तुम्ही शिक्षिका होतात म्हणून एक टोचरं सांगते: शुद्ध बोलणं आणि कानात बोलणं यात फरक आहे. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असते, ती माईकसमोर ऐकू येते, प्रत्येक शब्दाला समान जोर, वाक्याच्या शेवटी सूर वर. माईक एका विताच्या अंतरावर आहे. एकाच माणसाला सांगतोय असं बोला. रोज अर्धा तास वर्तमानपत्राची बातमी, एखादी कथा, साबणाची जाहिरात, शेतीच्या योजनेची माहिती, असं वेगवेगळं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नाही.

म्हणून ४५ हजारांच्या कोर्सला माझं उत्तर नाही असंच आहे. आवाजाचं शिक्षण वाईट नसतं, चांगले शिकवणारे आहेत आणि पुढेमागे एखादी दोन दिवसांची कार्यशाळा जरूर करा, पण काम मिळवून देण्याची हमी देऊन आधी पैसे घेणाऱ्यापासून चार हात लांब राहा. रजिस्ट्रेशन फी, पोर्टफोलिओ फी, सिक्युरिटी डिपॉझिट, नावं बदलतात. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. आणि ऑडिशन म्हणून कोणी पाच पानं रेकॉर्ड करायला सांगितली तर ते ऑडिशन नसतं, त्यांचं काम फुकटात उरकून घेणं असतं. तीस-चाळीस सेकंद पुरे.

पैसे किती. आकडा छापत नाही, कारण यूट्यूबच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओला आणि टीव्हीवरच्या तीस सेकंदांच्या जाहिरातीला एकच दर लावला तर तुमचंच नुकसान. जाहिरातीत वेळ मोजत नाहीत, वापर मोजतात: कुठे वाजणार, किती महिने वाजणार, एका राज्यात की देशभर. ऑडिओबुक आणि ई-लर्निंगला तयार मिनिट किंवा तयार तास, म्हणजे एडिट होऊन हातात आलेल्या आवाजाची लांबी. कोणी तयार तासाला ३ हजार म्हणालं आणि तुमचे त्यात सहा तास जाणार असतील तर तासाला ५०० पडले, त्यातून वीज, घसा आणि दुपारची झोप वजा करा आणि मग परवडतं का ठरवा. तुमच्या बाजूने चूक असेल तर दुरुस्ती फुकट, स्क्रिप्ट त्यांनी बदलली तर वेगळे पैसे, हे काम घ्यायच्या आधी ईमेलवर लिहून टाका. नव्या क्लायंटकडून निम्मे आधी. बिल द्यायची सवय पहिल्या कामापासून लावा, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतोय का बघा, रिटर्न भरलं की हिशोबात धरला जातो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीच्या नोंदणीचं डोकं लावू नका.

हल्ली त्या ईमेलमध्ये आणखी एक ओळ लागते. माझा आवाज फक्त या कामासाठी आहे, एआयला शिकवायला किंवा आवाजाची नक्कल तयार करायला वापरता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजीत सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, परवानगीशिवाय एआयने त्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांच्या विरोधात. पण तो अरिजीत सिंग आहे, तुमच्या-माझ्या मागे कोर्ट धावत येणार नाही, आपल्याला आपला कागदच. दोन-चार तासांची सुटी सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्यं वाचायला कोणी देत असेल तर सरळ विचारा हे कशासाठी आहे. एआयसाठी असेल आणि तुम्हाला करायचं असेल तर करा, पण त्याचा भाव व्हॉइसओव्हरचा नसतो, कितीतरी जास्त असायला हवा, कारण एकदाच विकताय.

आणि तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला पेनने लिहिलंयत की खिडकीत कबुतरं घुमतात त्यांचं काय करू. जाळी लावून घ्या, ताणून, सैल नको, नाहीतर वाऱ्याने तीच वाजते. आधी एसीच्या बाहेरच्या युनिटमागे आणि ग्रिलच्या कोपऱ्यात घरटं आहे का बघा, पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत महिनाभर त्या खोलीत सकाळचं काही रेकॉर्ड करू नका, दुपारची वेळ धरा, तेव्हा ती जरा गप्प असतात.